डावा मागचा कोपरा

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी वीट आपल्या आईकडून एक गेम जिंकली आणि इतक्या जोरात किंचाळली, की बाहेर फरशी पुसणाऱ्या काकांची बादली कलंडली.

किंचाळेल नाही तर काय! सहा वर्षांची होती तेव्हापासून, म्हणजे तब्बल नऊ वर्षं, ती दर रविवारी आईशी खेळत होती आणि दर रविवारी हरत होती. आणि आई म्हणजे तरी कोण? भिंत! अकरा वर्षं स्क्वॉशमध्ये जिला एकदाही कुणी हरवू शकलं नाही, ती. चेंडू कसाही मारा, कुठेही मारा, तो परत येणारच. म्हणून लोकांनी तिचं नाव भिंत ठेवलं, आणि भिंतीची मुलगी म्हणून ही झाली वीट. खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच सुखात होतं. "मला या नावाचा वीट आलाय" हा विनोद तिने स्वतःच इतक्यांदा केला होता, की आता त्यावर कुणी हसतही नसे.

स्क्वॉश ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, चार भिंतींच्या एका खोलीत दोघी खेळतात आणि समोरच्या भिंतीवर आळीपाळीने रबरी चेंडू मारत राहतात. मध्ये जाळी नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी समोर नसते. ती शेजारी असते, पाठीशी असते, कधी कधी तर मानेवर तिचा श्वास लागतो.

सुरुवातीला वीट अकरा–शून्य हरायची आणि भोकाड पसरायची. कोर्ट सांभाळणारा मामा कळवळून म्हणायचा, "अगं ताई, एक तरी पॉइंट दे पोरीला. तुझं काय जातंय?"

"दिलेला पॉइंट म्हणजे अपमान," आई म्हणायची. "माझ्या मुलीचा मी का अपमान करू?"

आणि आज अकरा–आठ!

"आई! अकरा–आठ! बघितलंस ना? अकरा! आठ!"

"बघितलं. छान खेळलीस." आईने हात मिळवला आणि टॉवेल घ्यायला वाकली. टॉवेल तिच्या डावीकडे होता. तिचा हात आधी नुसत्या जमिनीवर पडला, मग चाचपडत टॉवेलवर गेला.

बाटलीतून घटाघटा पाणी पिताना विटेच्या डोक्यात सगळे पॉइंट पुन्हा फिरू लागले. ती त्या आनंदात न्हाऊन निघणार होती, पण मध्येच एक खडा दाताखाली यावा तसं झालं. अकरातले सात पॉइंट एकाच जागी मिळाले होते. डावा मागचा कोपरा. चेंडू तिकडे गेला की आई एक पाऊल उशिरा निघत होती. दोनदा तर निघालीच नव्हती.

विटेने बाटली खाली ठेवली. "तू सोडलास."

"काय?"

"गेम. मला वाईट वाटू नये म्हणून. मला नकोय असला गेम! घे परत."

आईने तोंड पुसलं. "वीट, मी आजवर कुणाला पॉइंट सोडलेला नाही. तुलाही नाही. जिंकलीस. आता पचव."

आईत शंभर दोष असतील, पण ती खोटं बोलत नाही, हे विटेला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तिने गेम सोडला नव्हता. मग काय झालं होतं?

त्यानंतर ती आठवडाभर आईकडे टक लावून बघत राहिली. आणि दिसायला लागलं की दिसतच राहतं. चहाचा कप डाव्या हाताशी ठेवला तर आई तो हमखास सांडायची. तिच्या डाव्या दंडावर दाराच्या चौकटीचा काळानिळा डाग होता. सोफ्यावर ती हल्ली डाव्या टोकालाच बसायची, म्हणजे घरातले सगळे आपोआप तिच्या उजवीकडे येत. गाडी चालवणं तिने बंद केलं होतं, "चालणं तब्येतीला चांगलं" म्हणून. आणि फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती.

वीट ती बाटली घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली. आई बटाटे सोलत होती.

"हे काय आहे?"

आईने बाटलीकडे बघितलं, मग मुलीकडे. लपवाछपवी करायची तर आधीच करायची. पकडल्यावर करण्यातली ती नव्हती. "काचबिंदू. डाव्या डोळ्यात."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? त्या चेंडूने."

तो चेंडू कोणता, हे विटेला विचारावं लागलं नाही. स्क्वॉश खेळणाऱ्या कुठल्याच मुलीला विचारावं लागलं नसतं. वीस वर्षांपूर्वी, आईच्या सहाव्या फायनलमध्ये चेंडू तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा टोमॅटोसारखा सुजला. डॉक्टर म्हणाले, थांब. ती थांबली नाही. एका डोळ्याने आणखी दोन गेम खेळली आणि जिंकली. त्याचा फोटो आहे: रॅकेट वर उचललेली, एक डोळा बंद, ओठांवर हसू. हा फोटो प्रत्येक क्लबात टांगलेला असतो. आईकडे शिकायला येणाऱ्या पोरी कोर्टात शिरताना त्याला हात लावून आत जायच्या. खेळाचे जाड प्लॅस्टिकचे गॉगल सगळ्यांकडे होते, पण मामाची पाठ वळली की ते डोळ्यांवरून कपाळावर चढायचे आणि हेअरबँड व्हायचे. भिंतीने कधी लावला होता का गॉगल? मग!

"इतक्या वर्षांनी?" विटेने विचारलं.

"होतं म्हणे असं. मार आज बसतो आणि बिल विसाव्या वर्षी येतं."

"दिसतं किती?"

"डाव्याने? खिडकी कुठे आहे ते कळतं."

"आणि उजवा?"

"ठणठणीत."

"आणि उजव्यावर चेंडू बसला तर?"

आईने अर्धा सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "नाही बसणार."

"आई, दोन आठवड्यांनी मॅच आहे तुझी!"

हीच तर खरी गोम होती. क्लबात नवीन कोर्ट बांधलं होतं. त्याला आईचं नाव द्यायचं होतं आणि पहिली मॅच आईनेच खेळायची होती, वीट जिला मावशी म्हणायची त्या जुन्या प्रतिस्पर्धीशी. मामाने तो फोटो सहा फुटांचा करून आणला होता.

"खेळू नकोस."

"शब्द दिलाय."

"मग गॉगल लावून खेळ!"

"समोर सहा फुटांचा तो फोटो, आणि त्याच्याखाली मी गॉगल लावून? लोक हसतील की रडतील?"

"लोकांचं काय घेऊन बसलीस?"

"लोकांचं नाही गं," आई हळूच म्हणाली. "माझं." मग तिने ओला हात पुसला, विटेचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "मॅच संपेपर्यंत डोळ्याबद्दल एक अक्षर कुणाशी बोलायचं नाही. मामाशी तर नाहीच, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. शपथ घे."

हाताखाली आईची नस उडत होती. विटेने शपथ घेतली. घेतल्या क्षणी तिला कळलं की आपण फसलो.

त्या दोन आठवड्यांत विटेने बरंच केलं. आईचा मोजा लपवला, रॅकेटची तार सैल करून ठेवली, पोटदुखीचं सोंग आणलं. मोजा सापडला, तार बदलली गेली, पोटदुखीवर ओव्याचं पाणी मिळालं. शपथ मात्र घशात माशाच्या काट्यासारखी अडकून राहिली.

कार्यक्रमाच्या दिवशी नवीन कोर्टाला रंगाचा वास येत होता. मागच्या भिंतीवर सज्जा होता, त्यात माणसं दाटीवाटीने बसली होती. सज्ज्याच्या पुढच्या ओळीत मधोमध मार्करची खुर्ची, म्हणजे गुण मोजणाऱ्याची आणि निर्णय देणाऱ्याची. आणि बरोबर तिच्या मागे, भिंतीवर, तो फोटो.

सुरुवातीला मुलींची एक मॅच ठेवली होती: वीट विरुद्ध मिरची. मिरची बारा वर्षांची, नखाएवढी, पण नावाप्रमाणे झोंबणारी. वीट त्या स्वयंपाकघरातल्या दिवसापासून गॉगल डोळ्यांवर लावूनच खेळायची. मिरचीचा अर्थातच कपाळावर. विटेचं लक्ष खेळात असतं तर मिरचीचा निभाव लागला नसता, पण ते होतं दाराशी, आई डाव्या खांद्याने चौकटीला धडकते की काय ते बघण्यात. वीट तीन गेममध्ये गारद झाली.

"हरलीस ताई!" मिरची नाचत म्हणाली. "आता चढ वर!"

कारण स्क्वॉशमध्ये एक रीत आहे. जो हरतो, तो पुढच्या मॅचचा मार्कर होतो. हरून घरी जाऊन उशीत तोंड खुपसायची सोय नाही. आधी दुसऱ्यांचे गुण मोजायचे. आईने आपल्या पोरींना ही रीत नीट घोटवून शिकवली होती. त्या खुर्चीत पाच वर्षांचं पोर बसलं तरी त्याला 'तुम्ही' म्हणायचं, आणि त्यानेही सगळ्यांना 'तुम्ही'च म्हणायचं. खुर्चीत बसलं की नाती खाली राहतात. मार्करच्या शब्दावर हुज्जत नाही.

मामा तर माईकवर खूशच झाला. "मंडळी, कायदा म्हणजे कायदा! आज भिंतीचा न्याय वीट करणार!"

हशा पिकला. वीट खुर्चीत बसली. हातात गुणपत्रिका आणि पेन आलं, आणि तिला वाटलं, आपण खुर्चीत नाही, विहिरीच्या काठावर बसलोय.

खाली आई आणि मावशी चेंडू गरम करत होत्या. हा चेंडू थंड असला की मातीच्या गोळ्यासारखा पडतो. मारून मारून तापवला की जिवंत होतो. मावशीच्या गुडघ्याला पट्टा होता आणि तोंडाला अजिबात नव्हता.

"सात फायनल हरले गं तुझ्याशी, बये. सात रुपेरी थाळ्या आहेत घरी. पाहुणे आले की त्यात बिस्किटं देते."

"आठवी नेतेस का आज?"

"आज तुला लोळवायला आलेय."

पहिला गेम आईने अकरा–सात असा घेतला. अगदी जुनी भिंत! चेंडू समोर आणि उजवीकडे असेपर्यंत तिच्यासारखं कुणी नव्हतंच. सज्जा टाळ्यांनी दणाणला. विटेलाही क्षणभर वाटलं, कदाचित निभावून जाईल.

दुसऱ्या गेमला मावशीने चेंडू डाव्या मागच्या कोपऱ्यात टाकायला सुरुवात केली. एक पॉइंट. दोन. तीन. आणि मग विटेने वरून ते बघितलं, जे फक्त वरूनच दिसत होतं. आईने कसाबसा परतवलेला चेंडू त्याच कोपऱ्यातून मारायला मावशी गेली की आई पूर्ण मागे वळत होती. डाव्या डोळ्याला दिसत नव्हतं, म्हणून ती अख्खा चेहरा फिरवून उजव्या डोळ्याने शोधत होती. आणि कोपऱ्यातून मावशी पुढे चेंडू मारणार तो नेमका त्या चेहऱ्याच्या दिशेने. तिचा जगातला एकुलता एक डोळा ती त्या चेंडूसमोर धरत होती. पुन्हा पुन्हा.

मावशीने रॅकेट उचलली आणि हवेतच थांबवली. "लेट."

म्हणजे, मध्ये अडथळा आहे, पॉइंट पुन्हा खेळू. समोरचीला इजा होईल असं वाटलं की असंच करतात.

"लेट," विटेने निर्णय दिला.

"मारायचा होतास की," आई म्हणाली.

मावशीने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, वाचलं. मग पुढचा पॉइंट सुरू झाला, चेंडू पुन्हा तिथेच गेला, आई पुन्हा वळली, आणि मावशी पुन्हा थांबली. "लेट."

"आता लेटवर मॅच काढणार आहेस का?" आई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "भीक मागून आठवी थाळी नेणार?"

सज्जा हसला. मावशीचे कान लाल झाले. सात फायनल हरलेल्या बाईला हे बोलायला नको होतं. पुढच्या वेळी ती थांबली नाही. फाटकन आवाज आला आणि आई पुरती वळायच्या आतच चेंडू तिच्या डाव्या गालाजवळून गेला, इतक्या जवळून, की कानावरची बट उडाली.

आई जागची हललीही नाही. तिला तो दिसलाच कुठे होता?

पण लोकांना काय माहीत! त्यांना वाटलं, काय ही छाती! टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. "भिंत! भिंत!" सज्ज्याच्या कठड्याला लोंबकळून मिरची ओरडली, "अस्सं पाहिजे! घाबरायचं नाही म्हणजे नाही!" आणि तिच्या कपाळावरचा गॉगल दिव्याखाली लखलखला.

विटेला ते दोन्ही एकदम दिसलं. आईचा तो गाल आणि मिरचीचे ते उघडे, टपोरे डोळे. टाळ्या वाजतच होत्या.

"थांबा," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती उभी राहिली. "खेळ थांबवा!"

आई वळली. वर बघायला तिला मान पूर्ण फिरवावी लागली. विटेला ठाऊक होतं, तिला आता आपण दिसतोय आणि आपल्या डोक्यावर तो फोटो.

"मार्कर म्हणून मला हा खेळ धोक्याचा वाटतो," वीट म्हणाली. आवाज फाटत होता, पण शब्द सरळ येत होते. "दोघींनी गॉगल लावल्याशिवाय पुढचा पॉइंट होणार नाही."

सज्ज्यातल्या टाळ्या थांबल्या. मामाचा माईक नुसताच घरघरला.

"वीट," आई म्हणाली, "खाली ये."

"मार्कर खुर्ची सोडत नाही."

"वीट!"

"खेळाडूंनी मार्करशी हुज्जत घालू नये." आणि मग, सगळा जीव गोळा करून, "तुम्हीच शिकवलंय."

आयुष्यात पहिल्यांदा तिने आईला 'तुम्ही' म्हटलं होतं. वाटलं, कुणाला तरी हाताने ढकलून दिलं. डोळ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. शपथ मोडली नव्हती. पण आईची नजर सांगत होती, की मोडायचं ते मोडलंच.

विटेने आपल्या डोक्यावरचा गॉगल काढला, पिवळ्या पट्ट्याचा, घामाने ओला, आणि कठड्यावरून खाली सोडला. तो कोर्टाच्या मध्यावर पडला आणि दोन टप्पे घेऊन थांबला. मावशी दाराकडे गेली, आपल्या पिशवीतून स्वतःचा गॉगल काढून लावून आली.

आई त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग ती भिंतीपाशी गेली, हाताचा घाम भिंतीला पुसला, एकदा, दोनदा, आणि म्हणाली, "लिहा. माघार."

"काय?"

"मी माघार घेतेय. लिहा, मार्कर."

मावशी पुढे आली. "अगं, मला नकोय असली जीत! वेडी का तू?"

"मी दिलेली नाही," आई म्हणाली. "मार्करने काढून घेतलीय. पचव." आणि तिने रॅकेट उचलली, दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटला, आणि ती गेली.

विटेने लिहिलं. पेन कागदात रुतत होतं. अकरा वर्षं आणि नंतरची सगळी वर्षं ज्या रकान्यात कधी कुणाला काही लिहावं लागलं नव्हतं, त्यात तिने आपल्या अक्षरात आईचा पराभव लिहिला. शेजारी मिरची पुतळ्यासारखी उभी होती. तिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा कोर्टावर पडलेल्या गॉगलकडे, आणि का कोण जाणे, कपाळावरचा गॉगल हळूच डोळ्यांवर ओढला.

त्यानंतर घर म्हणजे नुसत्या भिंती झाल्या. आई जेवायला वाढायची, शाळेचा डबा भरायची, पण विटेशी एक शब्द नाही. क्लबात कुजबुज चालायची, पोरीने आईला भर सभेत पाडलं म्हणून. बुधवारी मामा दिवसभर कुणाशी काही बोलला नाही, त्यावरूनच विटेला कळलं की आईने त्याला सांगितलंय. संध्याकाळी त्याने विटेच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले, आणि फोटो उतरवू का म्हणून आईला विचारायला गेला. "राहू दे," एवढंच उत्तर आलं.

पहिल्या रविवारी वीट सहाला कोर्टावर जाऊन बसली. आई आली नाही.

दुसऱ्या रविवारी ती पोचण्याआधीच आतून आवाज येत होता. ठक. ठक. ठक. आई एकटीच चेंडू गरम करत होती. डोळ्यांवर पिवळ्या पट्ट्याचा गॉगल होता. तो तिने केव्हा उचलला, विटेला माहीत नव्हतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण आईने चेंडू तिच्याकडे सरकवला. सर्व्हिस कर, एवढाच त्याचा अर्थ.

विटेने सर्व्हिस केली. सहा–सात फटके झाले. मग तिच्या समोर संधी आली: उजवीकडे सोपा फटका, जो आई घेऊ शकेल, किंवा डावा मागचा कोपरा, जो ती कधीच घेऊ शकणार नाही. विटेचा हात क्षणभर अडला. उजवीकडे मारला की सगळं छान होईल असं वाटलं. रडायला येऊ लागलं.

दिलेला पॉइंट म्हणजे अपमान.

तिने दात आवळले आणि चेंडू डावीकडे मारला. आई वळली, पोचली नाही. चेंडू कोपऱ्यात दोनदा टप्पा घेऊन मेला.

आईने वाकून, चाचपडत, तो उचलला. पाठमोरीच उभी राहिली. आणि दोन आठवड्यांनी पहिल्यांदा विटेशी बोलली.

"एक–शून्य," आई म्हणाली. "कर सर्व्हिस."